सरोजाक्कांची पन्नासची लेन्स

सरोजाक्का फोटो काढायला लागल्या की उलट्या चालायच्या. उजव्या हातातला कॅमेरा डोळ्याला लावलेला आणि डावा हात पाठीमागे भिंत चाचपतोय. एक पाऊल मागे, मग अर्धं, मग आणखी थोडं. भिंत हाताला लागली की "सरी", म्हणजे ठीक आहे, असं म्हणून तिथंच थांबायच्या. गल्लीत असल्या तर भिंतीऐवजी कधी उभी स्कूटर लागायची, कधी शहाळेवाल्याची गाडी. एकदा एका पोलिसाचं पोट लागलं. "क्षमा करा हां, स्वल्प थांबा," असं त्याला म्हणून अक्कांनी त्याच पोटाला टेकून फोटो काढला आणि मग मागे वळून त्याला नमस्कार केला.

बेंगळुरूच्या चिकपेटेतली ती सगळी गल्ली अक्कांच्या या चालीला हसायची. मीही हसायचो. पण माझ्या हसण्यात खोट होती, कारण अक्कांना असं उलटं चालायला मीच लावलं होतं.

मी मूळचा पुण्याचा. नोकरीसाठी बेंगळुरूला आलो, एचएसआर लेआउटमध्ये राहिलो आणि आमच्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांप्रमाणे शनिवार-रविवारचा छायाचित्रकार झालो. बॅगेत चार लेन्स आणि डोक्यात चाळीस लेन्सची माहिती. चिकपेटेत जुन्या मराठी घराण्यांचा एक गणपती बसतो, तिथं कुणीतरी मला फोटो काढायला बोलावलं होतं. पिढ्यान् पिढ्या तिथं राहिलेली ही माणसं. त्यांच्या मराठीत कन्नड असं मिसळलेलं की पहिल्या दिवशी मला गंमत वाटली. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं, माझ्या मराठीत तर निम्मं इंग्रजी आहे आणि त्याची गंमत कुणालाच वाटत नाही.

आरतीची तयारी चालू असताना एक ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या बाई माझ्या अगदी समोर येऊन उभ्या राहिल्या. कॅमेऱ्याच्या आड आल्या आहेत याचं त्यांना काही वाटत नव्हतं.

"तम्मा, तुला ह्यातलं कळतं वाटतं," त्या म्हणाल्या. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. पुढे त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. "माझ्या प्रकाशनं त्याचा जुना कॅमेरा मला दिलाय. त्याच्या लेन्समध्ये बुरशी झालीय. मी नवी घेतो म्हणतो."

तिकडच्या बायका बोलताना "मी घेतो, मी जातो" असंच म्हणतात. अक्का तर चाळीतल्या पुरुषासारख्या ठसक्यात म्हणायच्या. त्या एका कन्नड शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाल्या होत्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि प्रकाश, त्यांचा एकुलता मुलगा, बायकोमुलांसह शहराच्या दुसऱ्या टोकाला, के. आर. पुरमला राहत होता.

"बजेट किती?" मी विचारलं.

"चिटफंडाची चिट लागलीय माझी. त्यात बसली पाहिजे. आणि एकच घेणार. सगळ्याला चालेल अशी एकच सांग."

सगळ्याला चालेल अशी एकच! हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी विचारायचं आणि उत्तर माझ्या जिभेवर तयार असायचं. पन्नास एमएमची घ्या. स्वस्त आहे, हलकी आहे, कमी उजेडात चालते, माणसाच्या मागचा पसारा सुंदर धूसर करते. जगातला कुठलाही कॅमेरावाला नवख्या माणसाला हेच सांगतो. मीही सांगितलं आणि वर दुकानाचं नावही दिलं. आरतीला टाळ वाजायच्या आत माझा सल्ला देऊन झाला होता. तुम्ही कुणाचे फोटो काढणार, कुठे उभ्या राहून काढणार, हे विचारायचं मला सुचलं नाही. साठीतल्या बाई आहेत, नातवंडं काढतील, कुंडीतली जास्वंद काढतील, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

आता यात चूक काय झाली ते सांगतो. प्रकाशचा कॅमेरा लहान सेन्सरचा होता. त्यावर पन्नासची लेन्स लावली की तिची नजर अरुंद होते. नुसता चेहरा घ्यायचा तरी चांगलं मागे जावं लागतं, आणि कमरेपर्यंतचा माणूस घ्यायचा तर खोली मोठी लागते. माझ्या एचएसआरच्या फ्लॅटमध्ये, बागेत, डोंगरावर हे जाणवत नाही. तिथं मागे सरकायला जागा असते.

पंधराएक दिवसांनी अक्कांनी मला फोन करून घरी बोलावलं. "लेन्स आली. ये बघायला. बिशीबेळे भात केलाय." चिकपेटेतल्या साड्यांच्या घाऊक दुकानांमागे एक बोळ आहे, त्यात दगडी पायऱ्यांची घरं. अक्कांची खोली म्हणजे एक पलंग, एक लोखंडी कपाट, एक देव्हारा आणि मध्ये दोन माणसं उभी राहतील एवढी फरशी. शेजारच्या एका आजीबाई पलंगावर फोटोसाठी नटून बसल्या होत्या आणि अक्का कपाटाला पाठ लावून इतक्या घट्ट उभ्या होत्या की कपाटाची कडी त्यांच्या अंबाड्यात अडकली होती. तरीही कॅमेऱ्यात आजीबाईंचा फक्त चेहरा येत होता, तोही कपाळ कापून.

बिशीबेळ्याचा वास सुटला होता आणि मला भूक राहिली नाही.

"अक्का, ही बदलू या," मी म्हटलं. "माझं चुकलं. तुम्हाला याहून रुंद नजरेची हवी. दुकानदार माझ्या ओळखीचा आहे, घेईल परत."

"परत?" अक्का दचकल्याच. "वापरलेली वस्तू त्याला परत द्यायची? त्याला कसं वाटेल? पाप!" त्यांच्या बोलीत पाप म्हणजे बिचारा. अक्कांच्या जगात सगळेच पाप असायचे. उन्हात थांबलेला रिक्षावाला पाप, उशिरा आलेला दूधवाला पाप, त्यांनी ज्याला भाजीचा भाव कमी करायला लावला तो भाजीवाला तर दिवसभर पाप. भाव कमी करून घ्यायच्या आणि संध्याकाळी त्याच्याकडे चहा पाठवायच्या.

"तुम्ही नका येऊ, मी जातो दुकानात."

"राहू दे रे. चांगली आहे की लेन्स. खोली लहान आहे, त्याला ती काय करणार?"

मी आणखी एकदा म्हटलं, पण जोर लावला नाही. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. लेन्स परत गेली असती तर माझा सल्ला चुकला हे त्या दुकानदारालाही कळलं असतं, आणि तो मला जाणकार समजायचा. म्हणून मी मुकाट्यानं बिशीबेळे खाल्लं आणि चांगलं झालंय म्हणून दुसऱ्यांदाही वाढून घेतलं.

अक्कांनी मात्र त्या लेन्सपायी सगळी गल्लीच उठवून दाराशी आणली. खोलीत जमत नाही ना, मग माणसानं दारात बसायचं आणि अक्कांनी पायऱ्या उतरून गल्लीत जायचं. म्हाताऱ्या माणसांनी आधी कुरकुर केली. उंबऱ्यावर बसू नये, लक्ष्मी अडते. अक्का म्हणायच्या, "उंबऱ्यावर कोण बस म्हणतंय? उंबऱ्याच्या आत बस. लक्ष्मी बाजूनं जाईल, ती काय माझ्याएवढी जाडी आहे?"

त्यांना फोटो काढायचे होते ते याच म्हाताऱ्यांचे. त्याचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. माणूस गेलं की घरचे घाईनं फोटो शोधतात आणि मिळतो तो आधार कार्डावरचा. तो मोठा करून भिंतीला लावतात, आणि पोलिसांनी पकडून आणल्यासारखा तो चेहरा पुढची पन्नास वर्षं घरात सगळ्यांकडे बघत राहतो. "असा चेहरा ठेवून जायचं काय माणसानं?" अक्का म्हणाल्या. "जिवंतपणी एक तरी बरा फोटो नको?" गल्लीतल्या सगळ्यांना हे कारण ठाऊक होतं आणि कुणीही ते बोलून दाखवत नव्हतं. फार तर एखादे आजोबा म्हणायचे, "सरोजा, माझा एवढ्यात नको, दिवाळीनंतर काढ."

म्हणूनच बटण दाबण्याआधी अक्का न चुकता म्हणायच्या, "क्षमा असू दे हां." मला वाटायचं ही सवय आहे. पण त्या खरोखरच माफी मागत असायच्या. आपण हा फोटो कशासाठी काढतोय हे समोरच्याला माहीत आहे, याचं त्यांना मनापासून वाईट वाटायचं.

आणि फोटो काय यायचे! गल्लीतला उजेड एका गालावर, दुसरा गाल घरातल्या सावलीत, मागे सगळा अंधार आणि त्यात कुठेतरी देव्हाऱ्याच्या दिव्याचा पिवळा ठिपका. मी चार लेन्स घेऊन इतकी वर्षं हिंडलो, तसा एक फोटो मला जमला नाही. मी तसं म्हटलं की अक्का लगेच म्हणायच्या, "लेन्स कुणी सांगितली? तू. मग?"

हे ऐकताना मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. त्यांना टोमणा मारायचा नसायचा, हेच तर अवघड होतं. अक्का गणपती मंडळातल्या सगळ्यांना माझ्याकडे पाठवायच्या. "कॅमेरा घेतोस? आधी आमच्या तम्माला विचार. माझी लेन्स त्यानंच निवडली." मला फोन यायचे. मी सल्ले द्यायचो. प्रत्येक सल्ल्याच्या वेळी डोळ्यांसमोर पाठीमागे चाचपणारा एक हात यायचा आणि मी मनाशी म्हणायचो, या रविवारी अक्कांना एक रुंद लेन्स नेऊन द्यायची. माझ्याच कपाटात एक पडून होती. पण ती दिली असती तर आधीचं चुकलं होतं हे पुन्हा काढावं लागलं असतं, आणि तोवर अक्कांच्या फोटोंचं इतकं कौतुक होत होतं की मला वाटलं, चाललंय ते चालू दे.

त्या पडल्या तेव्हा मी ऑफिसात होतो. प्रकाशचा फोन आला. "अम्मा पडली. मागे सरकताना पायरीवरून." गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या तात्यांचा फोटो काढत होत्या. तात्या जुने शिंपी, नव्वदीला आलेले, स्वतः शिवलेला निळा कोट घालून दारात बसलेले. त्यांच्या दाराला दोन पायऱ्या. अक्का पहिल्या पायरीवरून मागे सरकल्या, दुसरीवर पाय घसरला. खुब्याचं हाड मोडलं.

दवाखान्यात पोचलो तेव्हा त्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "कॅमेरा वाचला बघ. पोटाशी धरला. तात्या घाबरला रे, पाप. त्याचा फोटो राहिला."

प्रकाश औषधं आणायला गेला तसं मला राहवलं नाही. मी म्हटलं, "अक्का, हे माझ्यामुळे झालं. लेन्स मी चुकीची सांगितली. ती बरोबर असती तर तुम्ही मागे सरकलाच नसता."

अक्का म्हणाल्या, "पैसे माझे. पाय माझे. पडलो मी. त्यात तू कुठून आलास? आता माझ्या पडण्याचं श्रेय पण तूच घेणार काय?"

मला हसू आलं आणि हसताना रडू आलं. त्यांनी मान फिरवली आणि मला तोंड धुऊन यायला सांगितलं.

शस्त्रक्रिया नीट झाली, पण पायऱ्यांचं घर सुटलं. प्रकाश त्यांना के. आर. पुरमला घेऊन गेला. घर चांगलं होतं, सूनबाई प्रेमळ होती, लिफ्ट होती. मी पुढच्याच रविवारी माझ्या कपाटातली रुंद लेन्स घेऊन गेलो. अक्कांनी ती लगेच कॅमेऱ्याला लावली, खुर्चीतूनच एक फोटो काढला आणि मागच्या पडद्यावर बघत बसल्या. सोफा आला होता, टीव्ही आला होता, चपलांचं कपाट आणि पंखाही आला होता. नातू सोफ्यावर होता, पण शोधावा लागत होता.

"एवढं सगळं कशाला रे?" असं म्हणून त्यांनी पुन्हा पन्नासची लावली. माझी लेन्स त्यांनी परत केली नाही. परत केली असती तर मला वाईट वाटलं असतं, हे त्यांना ठाऊक होतं. ती खोक्यात घालून, वरून रुमाल बांधून देवघरात ठेवली.

त्या दिवाणखान्यात पन्नासची लेन्स अगदी बरोबर बसत होती. अक्का खुर्चीत, समोरच्या भिंतीशी माणूस, कुणालाही मागे सरकायला नको. फक्त माणूस नव्हतं. गल्लीतले म्हातारे सुरुवातीला एक-दोनदा मेट्रो बदलत बदलत येऊन गेले, मग त्यांचे गुडघे दुखायला लागले. अक्का गॅलरीत बसून खालचे लोक बघायच्या. "सगळे घाईत आहेत, पाप," असं म्हणायच्या. तात्यांचा फोटो राहिला, तात्यांचा फोटो राहिला, हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं की शेवटी मी म्हटलं, मी जाऊन काढून आणतो.

"तू नको. त्याला मी सांगितलंय की मी काढतो. चालायला लागलो की जातो."

मी गाडी करून त्यांना न्यायचं ठरवलं होतं. गल्लीत खुर्ची टाकली असती, तिथं बसून त्यांनी फोटो काढला असता. डॉक्टरांनी अजून बाहेर नेऊ नका म्हटलं, मग पुन्हा म्हटलं, मग पावसाळा आला. त्यातच एका पहाटे अक्का झोपेतच गेल्या.

गोडाचं जेवण प्रकाशनं त्याच गल्लीतल्या मंडळाच्या खोलीत ठेवलं. भिंतीवर त्यानं अक्कांनी काढलेले फोटो लावले होते. एकेक चेहरा, अर्धा उजेडात, अर्धा सावलीत. त्यातले बरेचजण आता नव्हते, आणि त्यांची मुलंबाळं आपापल्या माणसासमोर उभी राहून हळू आवाजात बोलत होती. प्रकाशनं मला हाताला धरून पुढे नेलं. "हे आमच्या अम्माचे गुरू," तो सगळ्यांना सांगायला लागला. "लेन्स यांनीच निवडून दिली." लोक माझे हात हातात घेत होते. एका बाईंनी तर वाकून नमस्कार केला. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

मी कोपऱ्यात जाऊन बसलो. तिथं तात्यांच्या सूनबाई, शांताबाई, वाढायच्या पातेल्याशी नुसत्याच उभ्या होत्या. बराच वेळ त्या माझ्याकडे बघत होत्या. मग जवळ आल्या.

"तुम्हाला म्हणून सांगतो," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी पायरी मी धुतली होती. फोटो आहे, पायरी स्वच्छ दिसू दे म्हणून. ओलीच होती. अक्का पडल्या त्या माझ्यामुळे. मी दवाखान्यात जाऊन पाय धरले त्यांचे. त्या म्हणाल्या, पायरी तुझी, पण पाय माझे. त्यात तू कुठून आलीस?"

मी हातातलं ताट खाली ठेवलं.

"आणि आमचे मामंजी," त्या तशाच पुढे बोलत राहिल्या, "ते म्हणतात, मीच म्हटलं होतं सरोजाला की कोटाची शेवटची बटणंसुद्धा आली पाहिजेत, आणखी मागे जा. ते आता तो कोट घालत नाहीत. आणि प्रकाशला वाटतं, कॅमेराच द्यायला नको होता. अक्कांनी सगळ्यांना एकच सांगितलं म्हणे."

इतके दिवस मला वाटत होतं, हा अपराध माझा एकट्याचा आहे. गल्लीत तो घरोघरी होता. प्रत्येकानं तो आपापल्या घरात दाबून ठेवला होता आणि अक्का एकेकाला वेगळं गाठून सोडवत गेल्या होत्या. क्षणभर मला हलकं वाटलं आणि लगेच त्या हलकेपणाची लाज वाटली. कारण पायरी रोज धुतात, कोट मिरवायची हौस कुणालाही असते, आणि जुना कॅमेरा आईला देणं हा काही गुन्हा नाही. या सगळ्यांत चूक म्हणावी अशी एकच होती, आणि ती दुरुस्त करायची वस्तू माझ्या कपाटात पडून होती.

"शांताबाई, पायरीचं मनातून काढून टाका," मी म्हटलं. "चूक लेन्सची होती. मी त्यांना ती घ्यायला सांगितली, म्हणून त्यांना मागे जावं लागायचं. मला ते पहिल्या महिन्यातच कळलं होतं."

त्यांनी भिंतीवरच्या फोटोंकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"लेन्सचं काय हो?" त्या म्हणाल्या. "फोटो इतके छान येत होते की. तुम्ही उगीच मनाला लावून घेता." आणि त्यांनी मला समजूत घालायच्या सुरात आणखी एक होळगी, म्हणजे पुरणपोळी, वाढली.

मी पुन्हा सांगायचा प्रयत्न केला. सेन्सर, अरुंद नजर, लहान खोली. त्या मान हलवत ऐकत होत्या, पाहुण्याचं ऐकतात तसं. त्यांना ते पटणार नव्हतं. तिथं कुणालाच पटणार नव्हतं. ज्या एका बाईंना ते पुरतं समजलं असतं त्यांनी ते ऐकून घ्यायचं नाकारलं होतं, आणि आता माझा अपराध घ्यायला या जगात कुणीही शिल्लक नव्हतं.

"बरं झालं तुम्ही भेटलात," शांताबाई म्हणाल्या. "आमच्या पोरीला कॅमेरा घ्यायचाय. अक्का म्हणून गेल्यात, तम्माला विचारल्याशिवाय लेन्स घेऊ नका. कुठली घेऊ?"

उत्तर जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं.

"आधी मला घर दाखवा," मी म्हटलं. "ती कुठं उभी राहणार आहे ते बघतो."

"आत्ता?"

"आत्ताच."

त्या हात पुसत पुढे निघाल्या आणि मी त्यांच्या मागोमाग गल्लीच्या टोकापर्यंत गेलो. दारात तात्या साध्या सदऱ्यात बसले होते. मी वर चढताना शांताबाई म्हणाल्या, "या बिनधास्त. तेव्हापासून आम्ही पायरी धूतच नाही, नुसती पुसून घेतो."